पाणी पाजणे

कॉन्सेप्सिओनच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला एव्हेलिओ एकटाच असतो.
कॉम्प्रेसरची घरघर, लाद्यांना सुटलेला घाम,
वजनकाट्यावर टेकवलेला तेरेरेचा पेला
आणि लॅपटॉपवर षटकोनी घरांचा चाको,
काटेरी, करडा,
बोट फिरवत राहावं तेव्हा कुठे एक डबकं.

तीन वर्षं तो हे युद्ध जुळवतोय.
बत्तीस सालचा सप्टेंबर, बोकेरोनचा वेढा.
कुणी पैसे देत नाही, कुणी मागितलेलंही नाही.
पॅराग्वे दर वेळी जिंकतं, चौदाव्या फेरीच्या आत.
बोलिव्हियाकडे विमानं जास्त, माणसं जास्त,
पण डोंगरावरची माणसं ती,
सहाव्या फेरीला त्यांची जीभ टाळूला चिकटते.
त्या बाजूने खेळायला कुणी बसत नाही.

एक सोडून. ओरुरोची प्रिमितिवा चोके.
शाळेत भूमिती शिकवते,
शनिवारी रात्री आपली चाल पाठवते
आणि हरते, न चिडता.
सोबत एखादी ओळ :
तोफा ठीक. खेचरं कमी पडतात.

एव्हेलिओलाच अपराधी वाटायला लागलं.
मग एका रात्री त्याने
सदतिसाव्या रांगेत विहीर खणली.
दोनदा क्लिक, एक निळा ठिपका,
एका पलटणीला तीन फेऱ्या पुरेल एवढंच पाणी.
बारा डाव खेळवून पाहिले. सहा, सहा.
इतका नेमका तर त्याने बर्फही कधी तोलला नव्हता.

शनिवारी उत्तर आलं :
विहीर काढ.
माझ्या आजीचे वडील तिथेच कुठेतरी आहेत.
लष्कराच्या पत्रात कारण एका शब्दात आहे, तहान.
तू तिथे पाणी ठेवलंस
तर ते कशाने गेले म्हणून सांगू?

ठिपका पुसताना आवाज झाला नाही.
त्याला आपले आजोबा आठवले,
पाण्याच्या ट्रकवर होते, पॅराग्वेच्या.
सांगायचे, कैदी आला की आधी पाणी, मग नाव.
आम्ही शत्रूला पाणी पाजलं, म्हणायचे,
आणि ऐकणारे हसले तरी
ते हसायचे नाहीत.

मग त्याने जिंकणंच बदललं.
किल्ला गेला खड्ड्यात.
मोजायची ती परतलेली माणसं.
जो जास्त जिवंत घरी नेईल, डाव त्याचा.

पुढच्या शनिवारी तिने
पहिल्याच फेरीत सगळं सैन्य माघारी वळवलं.
स्वयंपाकी, खेचरं, बँडवाले, सगळे विया मोन्तेसला परत.
एक गोळी नाही.
खाली लिहिलं होतं : जिंकले. पहिल्यांदाच.
आणि जरा वेळाने :
मोडला ना रे तुझा खेळ?

मोडलाच.
आता एक नियम हवा,
हुकमाशिवाय मागे फिरणाऱ्याचं काय करायचं याचा.
दोन्ही बाजूंना सारखाच. त्याशिवाय युद्ध सुरूच होत नाही.
ओळ दोनशे बारा. कर्सर लुकलुकतोय.
आठ शब्द पुरतील, ते त्याला ठाऊकही आहेत.
आजवर त्याने ऊन लिहिलं, काटे लिहिले, तहान लिहिली,
ते लिहिताना तो नुसतं हवामान होता.
हा नियम मात्र कुणा माणसाच्या तोंडून आला होता,
बहुधा नीट दाढी केलेल्या, पाणी प्यायलेल्या.

पहाटे ट्रक आला. चाळीस लाद्या.
ड्रायव्हर काट्याकडे बघून म्हणाला, दोन किलो कमी.
मापात पाप करतोस का?
वितळलं, एव्हेलिओ म्हणाला.
दोघांच्याही चपला भिजल्या होत्या.
आत, टेबलावर,
दोनशे बारावी ओळ अजून कोरडी.